काजू-बदामाची ॲलर्जी असलेल्या घरात खोबरेल तेल चालतं का?

मुलाला काजूची ॲलर्जी आहे असं कळलं की घरातले डबे भराभर रिकामे होतात. काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड जातात आणि पुष्कळ घरांत त्यांच्या मागोमाग नारळही जातो, कारण कुणीतरी सांगतं, नारळ म्हणजे नटच की. मग खोबरेल बंद, सोलकढी बंद, डोशाबरोबरची चटणी बंद, आणि गणपतीत सगळे मोदक खात असताना त्या पोरासमोर वेगळं ताट.

माझ्या बहिणीच्या मुलाला काजू-पिस्त्याची ॲलर्जी आहे. त्याच्यामुळे गेली काही वर्षं मी या विषयावर वाचते आहे, डॉक्टरांना विचारते आहे, घाणेवाल्यांशी बोलते आहे. नट्सची ॲलर्जी असलेल्या बहुतेक माणसांना नारळ आणि खोबरेल चालतं. आपल्याकडे खरी भीती असते ती नारळाबरोबर त्याच घाण्यातून, त्याच मिक्सरमधून, त्याच परातीतून आलेल्या काजू-शेंगदाण्याची. तेव्हा सरसकट बंदी घालण्याआधी खालच्या क्रमाने तपासत जा. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचा.

सगळ्यात आधी: झटका आला तर काय करायचं

तेलाचा विचार नंतर करू. ज्या घरात नट्सची ॲलर्जी आहे तिथे ही गोष्ट आज ठरलेली हवी.

त्रास साधारणपणे खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत सुरू होतो. अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा खाजतो, उलट्या होतात. आपल्याकडे गांधी उठल्या की पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावतात आणि वाट बघतात. नट्स खाल्ल्याची शंका असेल तर अशी वाट बघू नका. आवाज बसला, खोकला थांबेना, श्वासाला घरघर लागली, मूल गळून गेलं किंवा चक्कर आली, तर हा ॲनाफिलॅक्सिस आहे, म्हणजे जिवावर बेतू शकणारा ॲलर्जीचा झटका. त्यावरचं पहिलं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. गांधींसाठी दिलेली गोळी किंवा सिरप श्वास वाचवत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर थांबू नये.

परदेशात मिळतात तशी दाबली की टोचणारी पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आमच्याकडे ॲम्प्यूल आणि सिरिंज ठेवायची का, वजनाप्रमाणे डोस किती, भरायची कशी, आणि भरून दिलेली सिरिंज किती दिवस चालते? त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. डोस कागदावर लिहून औषधाच्या पिशवीतच ठेवा. पिशवी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, फ्रीजमध्येही नको. औषधाचा रंग बदलला किंवा तारीख उलटली की नवीन आणा.

इंजेक्शन दिल्यावर १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवून पाय थोडे वर ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उठवून चालवत नेऊ नका. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्यायचा का, हेही आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच. त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो, म्हणून तिथे लक्ष ठेवतात. ज्या मुलाला दमा आहे त्याचा झटका जास्त गंभीर होऊ शकतो. त्याचे पंप नियमित चालू राहिले पाहिजेत.

पायरी १: ॲलर्जी नेमकी कशाची, ते निश्चित करा

"ड्रायफ्रूटची ॲलर्जी आहे" एवढ्यावर काम भागत नाही. मनुका, खारीक, अंजीर सुकामेव्यात येतात, पण ते नट्स नाहीत. जायफळ, मखाणे, शिंगाडे हेही नाहीत. शेंगदाणा तर हरभरा-वाटाण्याच्या घरातला. त्याची ॲलर्जी वेगळी, पण काहींना दोन्ही असतात.

खऱ्या नट्समध्येही घराणी आहेत आणि ती माहीत असणं फार उपयोगाचं आहे. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले. एकाची ॲलर्जी असेल तर दुसऱ्याची असण्याची शक्यता बरीच मोठी. अक्रोड आणि पिकान ही अशीच दुसरी जोडी. बदाम गुलाबाच्या कुळातला. काजूच्या कुळात आपल्याकडच्या आणखी दोन गोष्टी आहेत ज्यांकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: श्रीखंड-बासुंदीवरची चारोळी आणि हिवाळ्यात लाडवांत घालतात ती गोडंबी, म्हणजे बिब्ब्याचा गर. परदेशी याद्यांत या दोघी सापडणार नाहीत, म्हणून डॉक्टरांना त्यांचं नाव घेऊन विचारा. उत्तर मिळेपर्यंत काजूची ॲलर्जी असलेल्याला मी तरी त्या देणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही घेऊन जा. काय खाल्लं, किती, किती वाजता, किती मिनिटांनी काय दिसलं, काय दिल्यावर उतरलं. पुरळाचा फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत ते निघून जातं. नारळीभात किंवा मोदकानंतर त्रास झाला असेल तर त्यातला एकूण एक जिन्नस लिहा: खोबरं, काजू, बेदाणे, केशर, वेलची, तूप. नाहीतर दोष उगाच खोबऱ्यावर जातो.

तपासण्यांबद्दल एक सावधगिरी. त्वचेवर टोचून करतात ती चाचणी किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही. ती शक्यता सांगते, आणि झालेल्या त्रासाच्या हकिगतीशी जुळवूनच तिचा अर्थ लागतो. शंभर पदार्थांचं पॅनेल सरसकट करून घेऊ नका. त्यात मूल रोज सुखाने खातंय असे पदार्थ 'पॉझिटिव्ह' येतात आणि ताटातून उगाच नाहीसे होतात. आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) तपासणी किंवा केसांची तपासणी अन्नाच्या ॲलर्जीसाठी उपयोगाची नाही. त्यावर पैसे घालवू नका. त्वचेच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. किती दिवस, ते आधी विचारून घ्या.

पायरी २: नारळाचा प्रश्न वेगळा सोडवा

नारळ ताडाच्या कुळातला. सुपारी आणि खजूर त्याचे सगेसोयरे. काजू, बदाम, अक्रोड यांच्याशी त्याचं जवळचं नातं नाही. गोंधळ वाढला तो अमेरिकेतल्या लेबलांमुळे. तिथला ॲलर्जीच्या लेबलांचा कायदा २००४ चा, आणि तो लागू झाल्यावर २००६ पासून तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या यादीत नारळ नट्समध्ये धरला जात होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तो यादीतून काढला. युरोप आणि ब्रिटनच्या चौदा ॲलर्जनांच्या, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या यादीत नारळ नव्हताच. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावशीने पाठवलेल्या जुन्या छपाईच्या पाकिटावर नारळामुळे 'नट्स आहेत' असा इशारा दिसू शकतो. पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. कंसात नारळ लिहिलंय की बदाम, ते वाचा.

आता तुमचं मूल कोणत्या गटात बसतं ते पाहा.

निदान व्हायच्या आधीपासून आणि नंतरही ते चटणी, सोलकढी, ओलं खोबरं घातलेल्या भाज्या खातंय आणि काही होत नाही? मग नारळ चालू ठेवा, तपासणीचीही गरज नाही. खात असलेला पदार्थ भीतीपोटी महिनोन्महिने बंद ठेवणं बरं नव्हे. लहान मुलांत सहन होणारी गोष्ट अशी दीर्घकाळ टाळल्यावर पुढे त्रासदायक ठरू शकते.

नारळ कधीच खाल्लेला नाही, किंवा आधीचा झटका जबर होता? तर पहिला घास डॉक्टरांना विचारून.

नारळ खाल्ल्यावरच त्रास झाला, आणि त्या पदार्थात दुसरं काही संशयास्पद नव्हतं? मग नारळाचीच ॲलर्जी असू शकते. ती विरळा आहे, पण असते, आणि तिच्यातूनही ॲनाफिलॅक्सिस झाल्याची उदाहरणं आहेत. अक्रोडाची किंवा हेझलनटची ॲलर्जी असलेल्या मोजक्या लोकांत नारळातल्या प्रथिनांशी गाठ पडलेलीही आढळली आहे. अशा वेळी डॉक्टर ताज्या खोबऱ्यात सुई टोचून तीच त्वचेवर टोचतात, आणि गरज वाटली तर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडं थोडं खायला देऊन पाहतात. हा प्रयोग घरी करू नका.

पायरी ३: तेल कसं काढलंय ते ओळखा

ॲलर्जी तेलातल्या स्निग्धाची नसते, प्रथिनांची असते. म्हणून तेलात प्रथिनं किती उरली हाच प्रश्न.

रिफाइंड तेल आम्लविरहित करतात, मातीतून गाळून रंग काढतात, मग निर्वातात २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास काढतात. त्यात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत. हे शेंगदाणा तेलावर नीट तपासलं गेलंय. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० जणांना दोन्ही प्रकारचं तेल देऊन पाहिलं. रिफाइंड तेलाने कुणालाच त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला.

आपल्याकडे बाटलीत मिळणारं वासाचं खोबरेल बहुतेक वेळा सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दाबून, गाळून काढलेलं असतं. खोबऱ्याचा खमंग वास येतोय म्हणजे ते रिफाइंड नाही, असं समजून चाला. लाकडी घाण्याचं तेल, व्हर्जिन तेल, घरी नारळाचं दूध कढवून काढलेलं तेल यांत प्रथिनांचा अंश राहू शकतो. घरी कढवलेल्या तेलाच्या तळाशी तपकिरी गाळ बसतो ना, तो बराचसा खोबऱ्याचाच भाग असतो.

ज्याला नारळाची ॲलर्जी नाही, फक्त काजू-बदामाची आहे, त्याला यातलं कोणतंही खोबरेल चालायला हरकत नाही, तेल निव्वळ खोबऱ्याचंच असेल तर. ज्याला नारळाचीच ॲलर्जी आहे त्याने वासाचं तेल टाळावं, आणि रिफाइंडसुद्धा डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

पायरी ४: घाण्यावर जाऊन बघा

'निव्वळ खोबऱ्याचंच असेल तर' ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेल्या काही वर्षांत पुण्या-नाशिकपासून तालुक्याच्या गावांपर्यंत लाकडी घाणे पुन्हा सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण बहुतेक ठिकाणी घाणे एक-दोनच असतात आणि त्यांतून शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल, बदाम, खोबरं असं सगळं निघतं.

एकदा नीट उभं राहून बघा. शेंगदाण्याचा घाणा संपला की कारागीर पेंड खरवडून काढतो, फडक्याने आतून पुसतो आणि खोबऱ्याचे तुकडे टाकतो. लाटेच्या (घाण्यात फिरणाऱ्या लाकडी दांड्याच्या) बुडाशी, उखळाच्या लाकडाच्या चिरांत पेंडीचा थर चिकटलेला असतो, आणि लाकूड तेल पिऊन बसलेलं असतं. पहिल्या तेलाबरोबर तो थर सुटतो. शिवाय बाहेर पडणारं तेल ज्या डब्यात गोळा होतं तो डबा आणि गाळायचं कापड हेही सामाईकच.

तेव्हा विचारायचं ते असं: "काका, ह्याच्या आधी घाण्यातून काय काढलंत? खोबऱ्याला घाणा वेगळा आहे का? गाळणी आणि टाकी वेगळी आहे का?" उत्तर "पुसून घेतो हो, काळजी करू नका" असं आलं तर शेंगदाण्याची किंवा बदामाची ॲलर्जी असलेल्या घरासाठी ते तेल घेऊ नका. घाणेवाल्याचा हेतू चांगलाच असतो, पण पुसण्याने प्रथिनं जात नाहीत. फक्त खोबऱ्याचाच घाणा असलेलं ठिकाण शोधा, कोकणात ते तुलनेने सोपं जातं, नाहीतर कारखान्यातलं सीलबंद तेल घ्या. सुटं, टिपातून मापाने दिलेलं तेल नको. तिथे माप आणि नरसाळं सगळ्या तेलांना एकच असतं.

बाटलीचं लेबल इथे मदत करेल ही आशा ठेवू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत शेंगदाणा आणि नट्स यांची घोषणा सक्तीची आहे, पण त्यांपासून काढलेल्या तेलांना त्यातून सूट आहे. 'अंश असू शकतो' हा इशाराही ऐच्छिक आहे. तिळाचं नाव तर त्या यादीतच नाही. म्हणजे इशारा नाही याचा अर्थ तेल निर्धोक आहे असा होत नाही. शंका असेल तर उत्पादकाच्या ग्राहक क्रमांकावर विचारा: त्याच यंत्रावर आणखी कोणती तेलं काढता?

पायरी ५: स्वयंपाकघर

मिक्सरपासून सुरुवात करा. झाकणाची रबरी रिंग नखाने उचलून बघा, खाली वाळलेलं वाटण सापडेल. पात्यांच्या बुडाशीही तेच. काजूची पेस्ट आणि चटणीचं खोबरं एकाच भांड्यात वाटत असाल तर खोबऱ्यात काजू येणारच. ॲलर्जी असलेल्यासाठी चटणीचं भांडं वेगळं ठेवा, रिंगेसकट.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर कुटाचा डबा हा मराठी घरातला सर्वांत अवघड मामला. तोच चमचा साबुदाण्यात, तोच काकडीच्या कोशिंबिरीत. कूट घरातून बंदच करता आलं तर उत्तम.

थंडीत खोबरेल थिजतं, २४ अंशांच्या आसपासच. मग तेल ओतता येत नाही, लोक बरणीत चमचा घालतात, आणि तो चमचा आधी कुठे होता कुणास ठाऊक. थंडीत बरणी कोमट पाण्यात ठेवून तेल पातळ करा आणि ओतूनच घ्या.

तळण्याचं तेलही बघा. ज्या कढईत काजू तळले त्याच तेलात पोराच्या पुऱ्या नकोत. हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने जंतू मरतात, काजूची प्रथिनं हातावरच राहतात.

पायरी ६: मिठाई, हॉटेल, पाकीट

सुटी मिठाई टाळा. नारळाच्या वडीत काजू नसेलही, पण शेजारच्या काजूकतलीचा चिमटा तिलाच लागतो. करंजीच्या सारणात खोबऱ्याबरोबर चारोळी-काजू असतातच, आणि गोव्यात दोदोल ही नारळाची मिठाई घेताना आत काजू आहेत का ते विचारावंच लागतं. मोदक, करंज्या, नारळीभात घरी करणं सोपं आहे: काजू वगळा, सारण तितकंच सुरेख होतं.

हॉटेलात पांढऱ्या आणि पिवळ्या ग्रेव्हीत काजू धरूनच चाला. मालवणी, गोवन जेवणात वाटण खोबऱ्याचं असतं, तरी काही ठिकाणी रश्शाला दाटपणा यावा म्हणून काजू वाटतात. वेटरच्या अंदाजावर न राहता त्याला आचाऱ्याला विचारून यायला सांगा. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना ॲलर्जनची माहिती द्यावी लागते, ती मागून घ्या. व्हीगन चीज, व्हीगन आइस्क्रीम बघून निर्धास्त होऊ नका. त्यात खोबरेल आणि काजू ही जोडी फार वेळा असते.

पायरी ७: अंगाला लावायचं तेल

निव्वळ खोबरेल केसांना, अंगाला लावायला काजूच्या ॲलर्जीत अडचण नाही. मात्र 'बदामयुक्त' केशतेलं, मसाजाची मिश्र तेलं, काही साबण आणि उटणी यांत बदाम असतो. घटक वाचा.

बाळाच्या मालिशीबद्दल आजीला प्रेमाने पण स्पष्ट सांगावं लागतं. बाळाच्या अंगावर इसब असेल, कातडी फुटलेली असेल, तर त्यावर बदामाचं किंवा शेंगदाण्याचं तेल चोळू नये. फुटलेल्या कातडीतून अन्नाची प्रथिनं शरीरात गेली तर ॲलर्जी जडण्याची वाट तयार होते, असं आजचं वैद्यकशास्त्र मानतं. इसबाच्या जागी काय लावायचं ते डॉक्टर ठरवतील.

शांपू-फेसवॉशने मोठ्या माणसांच्या मानेला, पापण्यांना एक-दोन दिवसांनी खाज-चट्टे येत असतील तर ती बहुधा स्पर्शाची ॲलर्जी. खोबरेलापासून बनवलेली फेस आणणारी काही रसायनं तिला कारण ठरू शकतात. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांची पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून बघण्याची चाचणी) असते. तिचा आणि चटणी खाण्याचा संबंध नाही.

दर वर्षी-दोन वर्षांनी

शेंगदाण्याची ॲलर्जी पाचातल्या साधारण एका मुलाची वाढत्या वयात जाते, नट्सची दहातल्या एखाद्याची. म्हणून फेरतपासणी चालू ठेवा, आणि दर खेपेला वजन सांगून ॲड्रेनॅलिनचा डोस बदलायचा का ते विचारा. मूल वाढतं, कागदावरचा जुना डोस अपुरा पडतो. नवा आकडा शाळेत दिलेल्या कागदावर आणि आजोळच्या औषधाच्या पिशवीतही बदलायला विसरू नका.